अमेरिकेत वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज : वकिलाकडे कधी जावे आणि त्याआधी काय करू नये?

काठावरचा यांचा प्रश्न

नमस्कार. मी गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत राहतो. घरी पत्नी आणि दोन मुले आहेत. माझ्याकडे ग्रीन कार्ड असून पुढल्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करण्याचा विचार होता. गेल्या वर्षी माझी नोकरी गेली आणि दहा महिने दुसरी मिळाली नाही. त्याच काळात विम्याच्या खंडात मुलाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि घरखर्च एकापाठोपाठ एक अशा पाच क्रेडिट कार्डांवर चालला. आज कार्डांचे ६१,००० डॉलर आणि रुग्णालयाचे १७,००० डॉलर देणे आहे. ही सर्व कार्डे माझ्या एकट्याच्या नावावर आहेत. याशिवाय माझ्या उच्च शिक्षणासाठी एका खाजगी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे २२,००० डॉलर बाकी आहेत, आणि त्या कर्जावर चुलतभावाने हमीदार म्हणून सही केलेली आहे. घर भाड्याचे आहे. गाडी १२,००० डॉलर किमतीची आणि तिच्यावरचे कर्ज १४,००० डॉलर, म्हणजे तिच्यात आमचे म्हणावे असे काही नाही.

बरोबर दोन महिने पूर्ण झाले, मला महिना ९,००० डॉलरची नोकरी मिळाली आहे. पत्नी अर्धवेळ काम करून महिना २,४०० डॉलर मिळवते. परंतु नुसते किमान हप्ते भरताना व्याज मुद्दलापेक्षा वेगाने वाढते आहे, आणि गेल्या आठवड्यात एका कार्ड कंपनीने लावलेल्या दाव्याचे समन्स घरी आले. तेव्हापासून झोप नाही.

एका कंपनीने दूरध्वनीवरून सांगितले की कार्डांचे हप्ते थांबवा, तेच पैसे आमच्याकडे जमा करा, आम्ही कर्ज निम्म्यावर आणून देऊ. दुसऱ्या एका माणसाने अवघ्या ३०० डॉलरमध्ये दिवाळखोरीचे सर्व कागद भरून देण्याची तयारी दाखवली आहे, मात्र तो वकील नाही. वकिलाची फी परवडेल की नाही याची धास्ती वाटते, आणि खरे सांगायचे तर संकोचही वाटतो. वकिलाकडे जाण्याची वेळ नेमकी कोणती, तो कसा निवडावा, आणि तोवर माझ्या हातून कोणती चूक होऊ नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

रस्त्याकडेचा दिवा यांचे उत्तर

बाकीचे सगळे सावकाश वाचा, पण समन्स आधी हातात घ्या. त्यावर उत्तर दाखल करण्याची मुदत लिहिलेली असते. "आपण दिवाळखोरीच करणार आहोत, मग उत्तर कशाला" असे म्हणून पुष्कळ लोक ती मुदत जाऊ देतात. तसे झाले की न्यायालय तुमच्या अनुपस्थितीत निकाल देते, आणि तो निकाल हातात पडलेला धनको, म्हणजे ज्याचे पैसे आपण देणे लागतो तो, थेट पगारातून किंवा बँक खात्यातून वसुलीच्या मागे लागतो. दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच अशा दाव्यांना आणि वसुलीला आपोआप स्थगिती मिळते हे खरे, पण ती अर्ज दाखल झाल्याच्या क्षणापासून मिळते, वकिलाला भेटल्याच्या दिवसापासून नाही. त्यामुळे भेट याच आठवड्यात ठरवा आणि समन्सची प्रत सोबत न्या.

---

फायलींतला माणूस यांचे उत्तर

मी वकील नाही. अकरा वर्षे दिवाळखोरीच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या एका वकिलाच्या कार्यालयात मी कागदपत्रे तयार करत असे, त्यामुळे पुढचे सर्व कायदेशीर सल्ला म्हणून न घेता वकिलाला विचारण्याच्या गोष्टी म्हणून घ्यावे, ही विनंती. आपण दिलेला तपशील वाचताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली : आपल्या प्रकरणात दोन घड्याळे चालू आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावत आहेत.

पहिले घड्याळ उत्पन्नाचे आहे. वैयक्तिक दिवाळखोरीचे मुख्य मार्ग दोन. चॅप्टर ७ मध्ये सवलतीबाहेरची, म्हणजे कायदा अर्जदाराकडे राखू देत नाही अशी, मालमत्ता असल्यास प्रकरणासाठी नेमलेला ट्रस्टी ती विकून धनकोंना वाटतो आणि उरलेली बहुतेक असुरक्षित, म्हणजे तारण नसलेली, देणी माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावी लागते. सन २००५ च्या सुधारणेनंतर चॅप्टर ७ साठी उत्पन्नाची चाचणी आली. तीत अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचे कुटुंबाचे उत्पन्न घेऊन त्याची सरासरी काढतात, तिची बाराने गुणून वार्षिक रक्कम करतात आणि आपल्या राज्यातील तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ती ताडून पाहतात. आज अर्ज केला तर आपल्या पगाराचे दोनच महिने मोजले जातील. १८,००० डॉलर भागिले सहा म्हणजे ३,०००, त्यात पत्नीचे २,४०० मिळवले की महिना ५,४०० आणि वर्षाला ६४,८०० डॉलर. बेकारी भत्ता मिळाला असल्यास त्याचे काय करायचे हा वादाचा मुद्दा आहे, तो वकिलाला विचारावा. हेच गणित चार महिन्यांनी मांडले तर वर्षाला १,३६,८०० डॉलर होतात. कुटुंब तेच, कर्ज तेच, पण कागदावर आकडा दुपटीहून अधिक. पत्नीने अर्जात भाग घेतला नाही तरी एकत्र राहत असल्याने तिचे उत्पन्न या हिशेबात येतेच, हेही लक्षात असावे.

येथे एक सावधगिरी. सरासरी कमी आली म्हणजे काम झाले, असे नाही. अर्जासोबत आजचे प्रत्यक्ष उत्पन्न आणि आजचा प्रत्यक्ष खर्च यांचीही पत्रके जोडावी लागतात. खर्च जाऊन महिन्याला भरघोस रक्कम उरते असे त्यांत दिसले, तर न्याय खात्याच्या अखत्यारीतील यूएस ट्रस्टीचे कार्यालय "हे प्रकरण चॅप्टर ७ चे नाही" अशी हरकत घेऊ शकते. आपला नवा पगार पाहता वकिलाने याचा विचार केलाच पाहिजे, आणि त्याने केला नाही तर आपण त्याला विचारले पाहिजे.

दुसरे घड्याळ मागच्या व्यवहारांचे आहे. आपण प्रश्नात लिहिलेले नाही, पण अनुभवावरून विचारतो : गेल्या वर्षभरात कोणा नातेवाइकाचे उसने पैसे परत केले आहेत का? आपल्या लोकांत बँकेचे थकले तरी चालेल, पण मेहुण्याचे थकता कामा नये अशी रीत आहे, आणि माणूस म्हणून ती चुकीची नाही. दिवाळखोरीचा कायदा मात्र सर्व धनकोंना सारखे मानतो. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत एखाद्या सामान्य धनकोला, किंवा एका वर्षात एखाद्या नातेवाइकाला, ६०० डॉलर किंवा अधिक रक्कम चुकती केलेली असेल, तर ट्रस्टी ती परत मागू शकतो. ती तो आपल्याकडे मागत नाही, त्या नातेवाइकाकडे मागतो. वकिलाचे पत्र सणाच्या दिवशी मेहुण्याच्या घरी पोहोचल्याचे मी एकदा पाहिले आहे, आणि नंतर त्या दोन कुटुंबांत काय झाले असेल याची कल्पना करता येते.

आता वकील आधी लागतो तो कशासाठी, ते पाहा. अर्जाचे कागद भरण्याचे काम त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. उत्पन्नाचे घड्याळ म्हणते लवकर करा, नातेवाइकाच्या परतफेडीचे म्हणते थांबा, समन्स म्हणते मुळीच थांबू नका, आणि यांतला मार्ग चॅप्टर ७ की १३, एकट्याने की दोघांनी, या महिन्यात की सहा महिन्यांनी, हे ठरवणे हेच खरे कायद्याचे साहाय्य होय. म्हणूनच ३०० डॉलरवाल्या गृहस्थांपासून दूर राहावे. वकील नसलेल्या अर्जलेखकाला कायद्याने केवळ आपण सांगितलेली माहिती टंकून देण्याची मुभा आहे. कोणता चॅप्टर निवडावा, कोणती मालमत्ता सवलतीत बसवावी, कोणते कर्ज माफ होईल, यांपैकी काहीही सांगण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने सांगितले तर तो कायदा मोडतो, न सांगितले तर आपल्याला ज्याची गरज आहे तेच मिळत नाही.

मालमत्तेबद्दल थोडक्यात. न्यू जर्सीत राहणाऱ्याला केंद्रीय कायद्यातील सवलती निवडता येतात. १ एप्रिल २०२५ पासून त्यांत गाडीतील हिश्श्यासाठी (किमतीतून कर्ज वजा जाता उरेल त्यासाठी) ५,०२५ डॉलर, दागिन्यांसाठी २,१२५ डॉलर, आणि कशालाही लावता येईल अशी १,६७५ डॉलरची सवलत आहे. स्वतःचे घर नसल्यास घराच्या सवलतीतील न वापरलेल्या भागापैकी आणखी १५,८०० डॉलरपर्यंत या शेवटच्या सवलतीत मिळवता येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या बहुतेकांचे सामान, खाते आणि गाडी यांत निभावते. गाडी कर्जावर ठेवायची असेल तर हप्ते चालू ठेवावे लागतील, आणि त्या कर्जाची नव्याने हमी देण्याच्या करारावर सही करण्याआधी वकिलाशी बोलावे.

मात्र मालमत्तेची यादी करताना "अमेरिकेत काय आहे" एवढेच लिहून थांबू नये. कायद्याचे शब्द असे आहेत की मालमत्ता कोठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती अर्जदाराची असेल तर ती यादीत येते. भारतातील बँक खाते, मुदत ठेव, भावाबरोबर घेतलेली सदनिका, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर लागलेले नाव, हे सगळे. शिक्षणकर्जाबाबत फार आशा बाळगू नये. ते माफ होण्यासाठी असह्य हलाखी वेगळ्या दाव्याने सिद्ध करावी लागते. चुलतभावाला मात्र आजच कळवावे. चॅप्टर ७ मधील स्थगिती आपल्याला मिळते, हमीदाराला नाही. चॅप्टर १३ मध्ये घरगुती कर्जाच्या हमीदारालाही योजना चालू असेपर्यंत काही संरक्षण मिळते, आणि निवड करताना हा एक मुद्दा होऊ शकतो.

---

पुन्हा सुरुवात यांचे उत्तर

मी स्वतः २०२४ मध्ये चॅप्टर ७ मधून गेले आहे, म्हणून फक्त वकिलाबद्दल आणि त्या चार महिन्यांबद्दल लिहिते. वरच्या उत्तरातील कायद्याचे तपशील मला इतके नीट सांगता आले नसते.

सुरुवातीला मीही कर्ज निम्म्यावर आणून देणाऱ्या एका कंपनीकडे गेले होते. नाव लिहीत नाही. सात महिने मी त्यांच्याकडे पैसे जमा केले, कार्डांचे हप्ते त्यांच्या सांगण्यावरून थांबवले, आणि त्या काळात एकाही बँकेशी तडजोड झाली नाही. उलट दोन दावे लागले. पुढे कळले की दूरध्वनीवरून असा करार विकणाऱ्याने एखादे तरी कर्ज प्रत्यक्ष मिटवण्याआधी फी घेणे २०१० पासून केंद्रीय नियमाने बंद आहे. आणखी एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली नव्हती. समजा तडजोडीत ३०,००० डॉलर माफ झाले, तर बँक १०९९-सी हा फॉर्म पाठवते आणि ती रक्कम आपले उत्पन्न म्हणून करपात्र ठरू शकते. त्या वेळी देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती असे फॉर्म ९८२ भरून दाखवले तर सूट मिळते, पण तेही करावे लागते. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर असा कर लागत नाही.

वकील शोधताना मी तीन जणांना भेटले. पहिली भेट तिघांकडेही विनामूल्य होती. एकाने सात मिनिटांत फी सांगितली आणि कागद पुढे केला. मी त्यांच्याकडे गेले नाही. दुसऱ्याने सुचवले की त्याची फी क्रेडिट कार्डावर भरून टाका, तेही कर्ज माफ होईलच. तेथून मी उठलेच, कारण दिवाळखोरी करायची आहे म्हणून नवे कर्ज काढा असा सल्ला देण्यास वकिलाला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्या मनाईवर शिक्कामोर्तब केले आहे. तिसऱ्या बाईंनी पाऊण तास मला प्रश्न विचारले, त्यांतले निम्मे मला अडचणीचे वाटले, आणि मी त्यांनाच निवडले. अडचणीचे प्रश्न आपला वकील आधी विचारतो की ट्रस्टी नंतर विचारतो, एवढाच काय तो फरक असतो.

नावे मिळवण्यासाठी राज्याच्या वकील संघाची संदर्भ सेवा आहे, आणि ग्राहकांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या वकिलांची नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्यूमर बँकरप्सी अटर्नीज ही राष्ट्रीय संघटना आपल्या सदस्यांची सूची प्रसिद्ध करते. भेटीत मी हे विचारले होते : फी एकरकमी आहे का आणि तिच्यात काय येते, एखाद्या धनकोने स्वतंत्र दावा लावला तर वेगळे पैसे किती, आणि ट्रस्टीसमोरच्या बैठकीला तुम्ही स्वतः याल की कोणाला तरी पाठवाल. शेवटचा प्रश्न विसरू नये. वकिलाने किती फी घेतली हे त्याला फॉर्म २०३० भरून न्यायालयाला कळवावे लागते, त्यामुळे त्यात लपवाछपवीला जागा नसते. चॅप्टर ७ मध्ये वकील फी बहुधा आधीच मागतात, कारण थकलेली फी हेही एक कर्जच आणि तेही इतरांबरोबर माफ होऊन जाते. यात मला त्या दिवसांतही हसू आले होते. चॅप्टर १३ मध्ये फीचा मोठा भाग योजनेच्या हप्त्यांतून देता येतो. न्यायालयाचे शुल्क वेगळे, चॅप्टर ७ चे ३३८ डॉलर आणि १३ चे ३१३.

अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून समुपदेशन घ्यावे लागते आणि अर्जानंतर पैशांच्या व्यवस्थापनाचा एक छोटा वर्ग पुरा करावा लागतो. दोन्ही मी घरी बसून केले. हा दुसरा वर्ग विसरलात तर सगळे पार पडूनही माफीचा आदेश निघत नाही, तेव्हा तो लगेच उरकून टाका.

ट्रस्टीसमोरच्या बैठकीची मला फार भीती होती. न्यायाधीश समोर असतील, धनको ओरडतील असे वाटत होते. प्रत्यक्षात न्यायाधीश त्या बैठकीत नसतातच. माझी बैठक व्हिडिओवर झाली, ओळखपत्र दाखवले, शपथ घेतली, आठ-नऊ प्रश्न झाले, आणि एकही धनको आला नव्हता. "या देशात किंवा अन्य देशात आपल्या नावे काही मालमत्ता आहे का," हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी माफीचा आदेश आला. अर्जाची नोंद माझ्या पतअहवालात दहा वर्षे राहू शकते आणि आठ वर्षांच्या आत केलेल्या पुढच्या चॅप्टर ७ अर्जात माफी मिळत नाही. हे मी मोजून घेतले होते आणि तरीही केले.

---

सबुरी यांचे उत्तर

सर्वांनी वकिलाकडे पाठवण्याची घाई केली आहे असे मला वाटते. प्रश्नकर्त्यांना नोकरी लागली आहे. ना-नफा समुपदेशन संस्था कर्जव्यवस्थापनाची योजना करून देतात, कार्डांचे व्याज कमी करून घेतात आणि तीन ते पाच वर्षांत पूर्ण कर्ज फेडता येते. या संस्था म्हणजे वर उल्लेखिलेल्या तडजोड कंपन्या नव्हेत. दहा वर्षे नोंद वागवण्यापेक्षा आणि नागरिकत्वाच्या तोंडावर न्यायालयात जाण्यापेक्षा हा मार्ग बरा नाही का?

---

फायलींतला माणूस यांचे उत्तर

सबुरी यांचा मुद्दा रास्त आहे आणि वकिलाकडे जाणे म्हणजे अर्ज करणे नव्हे, हे मीही आधीच स्पष्ट करायला हवे होते. चांगला वकील पहिल्या भेटीत "आपल्याला दिवाळखोरीची गरज नाही" असेही सांगतो. गणित मात्र करून पाहावे. कार्डे आणि रुग्णालय मिळून ७८,००० डॉलर आहेत. व्याज शून्य धरले तरी पाच वर्षांत फेडण्यासाठी महिना १,३०० डॉलर लागतात, आणि त्यावर शिक्षणकर्जाचा व गाडीचा हप्ता. हे जमत असेल तर जरूर करावे. शिवाय अशा योजनेत सामील होण्यास एखादा धनको नकार देऊ शकतो, आणि ज्याने दावा आधीच लावला आहे त्याला ती थांबवू शकत नाही.

नागरिकत्वाबद्दल. कर्जमाफीसाठी प्रामाणिकपणे केलेला अर्ज हा नागरिकत्व नाकारण्याचे कारण म्हणून कायद्यात नाही. थकलेला कर आणि शपथेवर केलेले खोटे विधान यांची मात्र तेथे गंभीर दखल घेतली जाते. दिवाळखोरीच्या अर्जात जाणूनबुजून मालमत्ता लपवणे हा केंद्रीय गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी नागरिकाला त्याचे परिणाम तुरुंगापलीकडेही भोगावे लागू शकतात. त्यामुळे आपण नागरिक नसल्याचे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे आणि गरज वाटल्यास स्थलांतराच्या वकिलाचे मतही घ्यावे. सध्याची नोकरी केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून काढून घेण्यास कायद्याची मनाई आहे. नव्याने नोकरी देताना खाजगी मालकाला हेच बंधन आहे असे मात्र बहुतेक न्यायालये मानत नाहीत.

---

काठावरचा यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी समन्सवरची मुदत पाहिली, अजून एकोणीस दिवस आहेत. वकील संघाकडून दोन नावे घेतली असून गुरुवारी पहिली भेट आहे.

नातेवाइकाच्या परतफेडीबद्दल वाचले तेव्हा पोटात गोळा आला. टेक्सासमधल्या मेहुण्याने मला ९,५०० डॉलर दिले होते, आणि सात महिन्यांपूर्वी कराचा परतावा आला तेव्हा त्यातले ६,५०० मी त्याला परत केले. उरलेले ३,००० या महिन्यात देणार होतो. तसेच आमच्या गावच्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावे आहेत. वाटणी झालेली नाही, मी तिथे कधी एक रुपयाही मागितलेला नाही, आणि ती जमीन मी माझी मानतही नाही. भाऊ म्हणतो की अर्जाआधी हक्कसोडपत्र करून टाक, म्हणजे प्रश्नच मिटेल. पत्नीचे सोने आहे, ते तिच्या माहेरचे. आणि माझ्या ४०१-के या निवृत्तिखात्यात ३८,००० डॉलर आहेत, ते काढून एक-दोन कार्डे मिटवली तर दावा तरी थांबेल, असाही विचार मनात येतो. यांपैकी काय करावे?

---

फायलींतला माणूस यांचे उत्तर

गुरुवारपर्यंत यांपैकी काहीही करू नये.

४०१-के ला मुळीच हात लावू नये. नोकरीतून मिळालेले असे निवृत्तिखाते धनकोंच्या आणि ट्रस्टीच्या आवाक्याबाहेर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच तसा निर्णय दिला आहे. जे पैसे कोणी घेऊ शकत नाही ते काढून, त्यावर कर आणि वयाप्रमाणे दंड भरून, जे कर्ज कदाचित माफच होणार होते ते फेडणे, ही मी फायलींत सर्वाधिक वेळा पाहिलेली आणि सर्वाधिक हळहळ वाटलेली चूक आहे.

हक्कसोडपत्र तर नकोच. अर्जाआधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता दुसऱ्याला दिलेली मालमत्ता ट्रस्टी रद्दबातल ठरवून घेऊ शकतो, राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्याहूनही मागे जाऊ शकतो, आणि हेतू फसवणुकीचा होता असे दिसले तर आपली संपूर्ण कर्जमाफी नाकारली जाऊ शकते. भावाचा हेतू चांगला आहे, पण सल्ला घातक आहे. उलट जमिनीतला हिस्सा आहे तसा लिहावा : अविभक्त, तीन वारस, ताबा भावाकडे, अंदाजे किंमत अमुक. दूरदेशीच्या, न वाटलेल्या शेतजमिनीतील तिसरा हिस्सा विकायला निघणे ट्रस्टीला परवडेल की नाही हा त्याचा हिशेब आहे, आणि सवलतीत तो किती बसतो हा वकिलाचा. आपले काम सातबारा आणि फेरफाराचा उतारा मागवून तो इंग्रजी भाषांतरासह वकिलाला देणे एवढेच. भारतातील खात्यांत एकूण १०,००० डॉलरहून अधिक रक्कम वर्षात कधीही असेल आणि त्याचे वार्षिक विवरणपत्र भरायचे राहिले असेल, तर तेही गुरुवारीच सांगावे.

सोने पत्नीचे स्वतःचे असेल आणि अर्ज आपण एकट्याने केला, तर ते आपल्या मालमत्तेत येत नाही. दोघांनी अर्ज केला तर येते, आणि मग दागिन्यांची सवलत दोघांना स्वतंत्र मिळते. कर्जे आपल्या एकट्याच्या नावावर असल्याने एकट्याने अर्ज करणे सयुक्तिक ठरू शकेल. मंगळसूत्रापासून बांगड्यांपर्यंत कोणते कोणाचे, याची साधी यादी मात्र तयार ठेवावी.

मेहुण्याला उरलेले ३,००० आता देऊ नयेत. त्यांचे नाव धनकोंच्या यादीत लिहावेच लागेल. आपल्या मर्जीने कोणाला यादीतून वगळता येत नाही. आधीच्या ६,५०० डॉलरना वर्ष होण्यास पाच महिने आहेत, आणि तेवढे थांबल्यास उत्पन्नाचे घड्याळ पुढे जाते, हा आपला खरा पेच. यावर तीन वाटा वकिलाकडून तपासून घ्याव्यात. समन्सला उत्तर देऊन पाच महिने काढता येतील का, ही पहिली. आताच अर्ज केल्यास ट्रस्टीशी कमी रकमेत तडजोड होऊ शकेल का आणि ते पैसे कोण देईल, ही दुसरी. चॅप्टर १३ घेऊन चॅप्टर ७ मध्ये धनकोंना जितके मिळाले असते तितके योजनेतूनच भरावे आणि मेहुण्याला कोणी पत्र पाठवण्याचे कारणच उरू नये, ही तिसरी. तिसऱ्या वाटेने चुलतभावालाही काही काळ उसंत मिळेल, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर विचारावे.

आणि मेहुण्याला एवढे अवश्य सांगावे की माफीचा आदेश निघाल्यानंतर, त्या वेळच्या कमाईतून, स्वेच्छेने त्यांचे पैसे परत करण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

---

काठावरचा यांचे उत्तर

मेहुण्याला आताच फोन केला. तो म्हणाला की ६,५०० मिळाल्याचा बँकेचा दाखला हवा असेल तर पाठवतो, आणि ३,००० चे नंतर बघू. माझ्या दोन महिन्यांच्या आणि पत्नीच्या मागील सहा महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांची करविवरणपत्रे, समन्स आणि कार्डांची शेवटची पत्रके एका फायलीत लावली आहेत. सातबारा भाऊ उद्या तलाठी कार्यालयातून आणतो आहे. गुरुवारी वकिलांनी काय सांगितले ते इथे लिहीन.